काना, मात्रा, आरडाओरडा

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या इमारतीच्या जिन्यात नुसतं उभं राहिलं, तरी कुठल्या मजल्यावर कितवीतलं मूल आहे हे सांगता येतं. "काना सरळ काढ!" ऐकू आलं की बालवाडी. "वरची रेघ कोण देणार, तुझे आजोबा?" म्हणजे पहिली. "रेघेत लिही, रेघेत!" म्हणजे दुसरी-तिसरी. आणि "मला वाचता येत नाही, तर बाईंना काय डोंबल वाचता येणार!" हे आलं की समजावं, मूल चौथीत गेलं. पाचवीनंतर आवाज बंद होतात. तोवर मुलांचं अक्षर सुधारलेलं असतं असं नव्हे, आईवडिलांचा घसा बसलेला असतो.

मुलाला वळणदार अक्षर काढायला शिकवणं हे आपल्याकडे एकट्यादुकट्याचं काम समजत नाहीत. वरच्या मजल्यावर दादाकडे दुसरीत शिकणारा एक लेखक आणि त्याच्यावर देखरेखीला चार माणसं असा मंजूर आकृतिबंध आहे. पाचवी मी. पण मी आत्या असल्यामुळे मला फक्त मत आहे, अधिकार नाही. मुलाचं अक्षर भयंकर आहे, एवढ्या एकाच मुद्द्यावर या चौघांचं एकमत आहे. पुढे चार पक्ष होतात.

आमची आई, म्हणजे त्याची आजी, पाटीपक्षाची. महाराष्ट्राचं अक्षर ज्या दिवशी दप्तरातून पाटी गेली त्या दिवशी बिघडलं, असा तिचा निष्कर्ष आहे. पाटीवर चुकलं तर पुसता येतं, पुन्हा काढता येतं, आणि मुख्य म्हणजे मागे पुरावा उरत नाही. पाटीवरची पेन्सिल लिहिण्यात किती संपायची आणि पोटात किती जायची, हा हिशेब मात्र ती देत नाही. दसऱ्याला माळ्यावरची पाटी खाली येते, नातवाकडून तिच्यावर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून घेतली जाते आणि पूजा झाली की पाटी परत वर. त्या सरस्वतीतले सगळे एक कसे एकसारखे येतात, हे आई दरवर्षी सगळ्यांना दाखवते. त्या दिवशी सण असल्यामुळे पोराच्या मागे उभं राहून कोणी ओरडत नसतं, हे माझं मत. पण मताचं वर सांगितलंच.

दादा संगणकपक्षाचा. "पुढे सगळं टाइपच करायचंय. आता तर नुसतं बोललं तरी लिहून येतं. कशाला छळता पोराला?" असं तो सोफ्यावरून म्हणतो आणि मोबाइलला मराठीत काहीतरी सांगतो. "उद्या सुट्टी घेतो" हे वाक्य "उद्या सुपारी घेतो" होऊन ऑफिसच्या गटावर गेल्यापासून हा पक्ष जरा क्षीण झाला आहे.

अण्णांचा, म्हणजे त्याच्या आजोबांचा, पक्ष सगळ्यात जुना, सतराव्या शतकातला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हे आमच्याकडे दूधवाल्यालाही माहीत आहे. रामदासांनी त्यात काही म्हणजे काही सोडलेलं नाही. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं. शाई काळीभोर हवी. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचं आलं पाहिजे, म्हणजे सगळा ग्रंथ एकाच टाकाने उतरवल्यासारखा दिसेल. ओळीला ओळ लागता कामा नये. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी मजकूर झडत नाही. देशोदेशीचे बोरू जमवायलाही सांगितलं आहे. आणि एक सूचना तर चष्म्याच्या दुकानात पाटी करून लावावी अशी आहे : तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही.

अण्णांनी हे सगळं नातवाला सांगितलं. नातवाने ते मन लावून ऐकलं आणि त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. दुसऱ्या दिवशी त्याने शुद्धलेखनाच्या वहीत चारी बाजूंना एवढी जागा सोडली की मधल्या चौकटीत जेमतेम चार शब्द मावले. बाईंनी विचारलं, तर म्हणाला, "रामदासस्वामींनी सांगितलंय." बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. अण्णांना ती दाखवायची नाही असं ठरलं.

अण्णांना मोडीही येते. मोडी लिहिताना आधी ओळभर लांब रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घाची तिथे फारशी पंचाईत नाही. हे ऐकून भाचा ताठ बसला. वरची रेघ आधीच ओढलेली, वेलांटी पहिली की दुसरी ही कटकट नाही, हात उचलायचा नाही! "मग ती बंद का केली?" या प्रश्नाला अण्णांनी छपाईला देवनागरी सोयीची पडली, कागदोपत्री मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कशीबशी टिकली, असं रीतसर उत्तर दिलं. पण मोठ्या माणसांविषयी त्याच्या मनात जी अढी बसायची ती बसलीच. मोडीतल्या वळणांना नावंही होती : चिटणिशी, बिवलकरी, रानडी. चांगल्या अक्षराला त्या काळी घराण्याचं नाव मिळायचं. भाच्याच्या वळणाला आमच्या घराण्याचं नाव देऊ नये, असं घराण्याचं मत आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत लिहून ठेवले होते. त्या परंपरेत याची सोमवारची वही बसू शकेल, असं दादा म्हणतो.

राहिली वहिनी. तिचा पक्ष खोडरबराचा, आणि सत्ता तिच्याकडेच आहे. पण तिच्याकडे जाण्याआधी पोराची बाजू थोडी मांडायला हवी, कारण वहीत ती मांडायला त्याला जागा मिळत नाही.

आपण मुलाला पहिलं अक्षर देतो ते "अ". पुढची वर्णमाला तोंडाच्या रचनेप्रमाणे लावली आहे : कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. जगात इतकी शहाणी मांडणी फार थोड्या लोकांनी केली असेल. पण ती तोंडासाठी आहे. हाताला कंठाशी काय करायचंय? क काढून दमलेल्या हाताला लगेच ख द्यायचा, मग ग, मग घ, आणि मग ङ, जो पुढे आयुष्यभर कुठे भेटत नाही. हातासाठी जुन्या शिक्षकांनी वेगळी रांग लावली होती, ग म भ न. उभा काना आणि त्याच्या डावीकडे थोडी हालचाल. एक अक्षर बसलं की बाकीची त्याच्या ओळखीने येतात. तसंच र, स, ख. तसंच व, ब, क. प, फ, ष. ट, ठ, ढ. ही व्यवस्था ज्या कोणाला पहिल्यांदा सुचली, त्याने समोर बसलेल्या मुलाच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघितलं असणार.

या रांगेत न बसणारी अक्षरंही आहेत. "ह" घ्या. हात कुठून सुरू करायचा, कुठे वळवायचा आणि नेमका कुठे सोडायचा, हे मोठ्या माणसाला लिहिता येतं, पण सांगता येत नाही. वाचकांनी आत्ता हवेत बोटाने एक ह काढून बघावा आणि काढता काढता शेजारच्या माणसाला तो शब्दांत समजावून द्यावा. वहिनीने तो एकदा सांगितला तो असा : "असं, मग असं, मग जरा असं, आणि मग... अरे असं नाही, असं!" झ, ळ, क्ष, ज्ञ यांच्याविषयी न बोललेलं बरं. सावरकरांनी सुचवलं होतं की इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं कशाला हवीत, अ लाच वेलांट्या आणि उकार द्या : अि, अी, अु, अू. किर्लोस्कर मासिकांनी ही अ ची बाराखडी वापरूनही दाखवली. पहिलीतल्या मुलांना मतदानाचा हक्क असता, तर ती एकमताने टिकली असती.

त्यात हल्लीची मुलं एकाच वेळी दोन लिप्या लिहितात. मराठी अक्षरं वरच्या रेघेला लटकतात आणि इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात. म्हणजे पहिल्या तासाला दुरेघी वहीत लटकायचं, दुसऱ्या तासाला चौरेघी वहीत उभं राहायचं आणि तिसऱ्या तासाला गणिताच्या चौकटीच्या वहीत एकेका खोलीत एकेकाने बसायचं. मग डबा. भाच्याने यातून मधला मार्ग काढला आहे. त्याची अक्षरं वरच्या रेघेलाही शिवत नाहीत आणि खालच्याही. ती मध्ये तरंगतात.

शिवाय शासन आहेच. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श नक्की केला. पुस्तकात तो तसा आहे, बाईही तसाच काढतात. पण मोबाइलवर बघावं तर बहुतेक वेळा हिंदी वळणाचे ल आणि श. भाच्याने एकदा दादाचा मोबाइल हातात घेऊन गंभीरपणे सांगितलं, "बाबा, याला अजून ल येत नाही." त्या दिवसापुरता संगणकपक्ष घरातून बाहेर गेला होता.

आता वहिनी. शुद्धलेखनाला बसताना पेन्सिल पोराच्या हातात असते आणि खोडरबर तिच्या. तो लिहितो, ती पुसते. तो पुन्हा लिहितो, ती पुन्हा पुसते. आठव्या ओळीपर्यंत कागदाला भोक पडतं आणि त्यातून मागच्या पानावरचा काल लिहिलेला धडा दिसू लागतो. मग "एवढं जोरात कशाला लिहितोस?" हा प्रश्न. मुलं जोरात लिहितात, कारण घरातल्या पेन्सिली टणक असतात. त्या कुठल्याशा परिसंवादात फुकट मिळालेल्या असतात. मऊ शिशाची, २बी वगैरे पेन्सिल कमी दाबात काळी उमटते, हात कमी दुखतो. पण दुकानात जाऊन आपण पेन्सिल निवडतो ती तिच्यावरच्या कार्टूनवरून. रबर निवडतो ते वासावरून. स्ट्रॉबेरीच्या वासाचं रबर लिहिलेलं पुसत नाही, ते पानभर पसरवतं. पण वर्गाच्या चलनव्यवस्थेत त्याचा भाव सगळ्यात वर आहे. भाच्याने त्यातलं अर्धं देऊन दोन डायनॉसोर मिळवले, म्हणजे रबर अगदीच वाया गेलं असं म्हणता येणार नाही.

खोडरबराविषयी माझं मत वाईट आहे आणि ते मी इथे मांडते, कारण वर मांडता येत नाही. लिहिलेलं सारखं पुसलं जातंय हे पोराच्या हाताला लवकर कळतं. पुसणारच आहेत, तर चांगलं कशाला काढायचं, असा सरळ व्यवहारी विचार तो हात करतो. याच्या बाईंनी पालकसभेत एक उपाय सांगितला. रबर उचलून ठेवा, आणि ओळ लिहून झाली की तिच्यातलं सगळ्यात चांगलं अक्षर मुलालाच शोधायला सांगा. त्याने त्याला गोल करायचा आणि पुढे जायचं. उपाय इतका सोपा होता की निम्म्या पालकांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. वहिनीने तो करून बघितला. पहिले काही दिवस भाचा प्रत्येक ओळीत "ट" ला गोल करत होता, कारण ट बिघडवणं अवघड असतं. मग एका ओळीत ट नव्हता. तेव्हा तो बराच वेळ बसून राहिला आणि शेवटी एका "म" ला गोल केला. आपल्या अक्षराकडे इतका वेळ बघताना त्याला मी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी ते काम आमच्याकडे बाकीचे करतात.

मे महिन्यात विजेच्या खांबांवर पत्रकं लागतात : एकवीस दिवसांत मोत्यासारखं अक्षर. आमच्याही सोसायटीच्या सभागृहात एक वर्ग भरला आणि अर्ध्या इमारतीची मुलं त्यात गेली. अक्षर खरंच सुधारलं. इतकं सुधारलं की सगळ्यांचं एकच झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चुकून शेजारच्या मुलीची वही उघडली आणि त्यातल्या चुकांसाठी आपल्या मुलाला अर्धा तास झापलं. मुलगा बोलला नाही. त्यालाही ती आपलीच वही वाटत होती. एकाच वळणाचा हा हट्ट मला कळत नाही. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं जन्मभर वेगवेगळ्या वळणांत काढली, नाव बघूनच नाटकाची जात कळावी अशी. त्यांना कोणी एकवीस दिवसांत एका वळणावर आणलं असतं, तर मराठी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या दिसल्या असत्या.

तरी वर्गातल्या सरांचं एक ऐकण्यासारखं होतं. त्यांनी पहिल्या दिवशी एकही अक्षर काढून घेतलं नाही. फक्त मुलं कशी बसतात ते बघितलं. पेन्सिल अंगठा आणि तर्जनीत धरलेली आणि मधल्या बोटावर टेकलेली हवी. वही जराशी तिरपी हवी. दुसऱ्या हाताने वही धरायची, त्या हाताने शेजाऱ्याला ढोसायचं नाही. आणि पाय जमिनीला टेकलेले हवेत. हे शेवटचं ऐकून सगळे पालक एकमेकांकडे बघायला लागले. आपल्याकडे मूल अभ्यासाला बसतं ते जेवणाच्या टेबलावर, मोठ्यांच्या खुर्चीत. तिथे त्याची हनुवटी वहीला लागते आणि पाय हवेत असतात. अशा अवस्थेत कुठल्याही प्रौढाला चेकवर सही करायला सांगावी. बँक ती परत पाठवेल.

खालच्या मजल्यावर एक फिजिओथेरपिस्ट बाई राहतात. त्यांनी जिन्यात उभ्या उभ्या आणखी एक गोष्ट सांगितली. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. मग एकेक करत ती टणक होत जातात आणि शेवटचं हाड तयार व्हायला साधारण नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. म्हणजे बालवाडीतल्या मुलाला "काना सरळ काढ" असं आपण ज्या हाताला सांगतो, त्याचं मनगट अजून बांधून व्हायचं असतं. त्या वयात हाताला ताकद आणि बोटांना सवय हवी. ती मण्यांची माळ ओवून, कणीक तिंबून, मातीत खेळून येते. पानभर अ काढून येत नाही.

ही बातमी वर पोहोचताच अभ्यासक्रम बदलला. मटार सोलणं, गवार मोडणं, लसूण सोलणं, कपड्यांना चिमटे लावणं आणि पोळीसाठी गोळे करणं ही कामं हस्ताक्षर सुधार योजनेखाली भाच्याकडे आली. आईने रांगोळीचे ठिपकेही त्यात घातले. ठिपक्याला ठिपका जोडताना बोट थांबवायचं कुठे हे कळतं, आणि थांबायचं कुठे हे न कळणं हेच बिघडलेल्या अक्षराचं निम्मं कारण असतं. अक्षरावर परिणाम दिसायला वेळ होता. पण महिनाभर घरात लसूण सोललेला मिळत होता, त्यामुळे योजनेला वहिनीने मुदतवाढ दिली.

चौथ्या मजल्यावरची एक मुलगी डावखुरी आहे. तिच्याकडे बघून या सगळ्या उपदेशातला अर्धा भाग उलटा करून वाचावा लागतो. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणून तिचा हात लिहिलेल्या अक्षरावरूनच पुढे सरकतो. ओळ फिसकटते आणि तळहात काळा होतो. वही उजव्या हाताच्या मुलांच्या उलट बाजूला तिरपी केली आणि बाकावर तिला डाव्या टोकाला बसवलं, की बरंचसं भागतं. आमच्या लहानपणी अशा मुलांच्या हातावर पट्टी बसायची. ती मारणारी मंडळी स्वतःचं अक्षर सुंदर असल्याचं सांगायची. असेलही.

मुलाला अक्षराचं महत्त्व पटवायचं तर थोरामोठ्यांचे दाखले द्यावे लागतात. अण्णांनी गांधीजींचा दाखला दिला. गांधीजींचं अक्षर चांगलं नव्हतं. लहानपणी त्यांना वाटायचं की शिक्षणाला सुंदर अक्षराची गरज नसते. पुढे दक्षिण आफ्रिकेत तिथल्या वकिलांचं आणि तरुणांचं अक्षर पाहून त्यांना स्वतःची लाज वाटली, पण तोवर उशीर झाला होता. वाईट अक्षर ही अपुऱ्या शिक्षणाची खूण आहे, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, आणि मुलांना आधी चित्रकला शिकवावी, मग लेखन, असंही सुचवलं आहे. भाच्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पण नोटेवर त्यांचाच फोटो आहे ना?"

अण्णा म्हणाले, "फोटो त्यांचा आहे. सही दुसऱ्याची आहे."

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. भाच्याला वाटला नाही. त्याने डॉक्टरांचा मुद्दा काढला. डॉक्टरांचं अक्षर वाईट असतं आणि तरी त्यांच्याकडे गाडी असते. त्यावर, डॉक्टरांनी औषधाचं नाव वाचता येईल असं आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम वैद्यक परिषदेला २०१६ साली करावा लागला, हे मी सांगितलं. एवढी शिकलेली माणसं आणि त्यांनाही कोणीतरी "रेघेत लिही" म्हणतंय, हे ऐकून त्याला फारच बरं वाटलं. दाखल्याचा उपयोग झाला, पण भलत्याच बाजूला.

ज्याने खरा फरक पडला तो माणूस आमच्या घरातला नाही. तो कोपऱ्यावरचा वाणी. एका रविवारी वहिनीला वेळ नव्हता म्हणून तिने सामानाची यादी तोंडी सांगितली, भाच्याने लिहिली आणि स्वतःच घेऊन गेला. वाण्याने ती चष्मा वर करून वाचली, चष्मा खाली करून वाचली आणि विचारलं, "बाळा, हे अर्धा किलो 'खा' म्हणजे काय खा?"

तो रवा होता. र आणि व यांच्यात अंतर न ठेवल्यामुळे त्यांचा ख झाला होता. या एका भानगडीपायी लिपी सुधारणाऱ्यांनी ख च्या दोन भागांना खाली जोडून घेतलं, आणि तरीही ती भानगड अर्ध्या किलोच्या रूपात आमच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघंही हसली. भाचा घरी आला तो तावातावानेच. त्याने पेन्सिल घेतली आणि यादी पुन्हा लिहून काढली. त्या यादीतल्या र आणि व यांच्यात एवढं अंतर होतं की मध्ये गूळ बसला असता. रामदासांनी सांगितलेलं मोकळं अक्षर ते हेच, असं अण्णा म्हणाले. त्यांना इतकं खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून यादी त्याच्याकडे आहे. जे अक्षर वाण्याला लागत नाही, ते सामान घरी येत नाही. एकदा साखर आली नाही, एकदा साबण दोनच्या ऐवजी सात आले. घरात कोणी ओरडत नाही, कारण कोणाला ओरडायला जागाच नाही. व्यवहार त्याचा आणि वाण्याचा. शुद्धलेखनाच्या वहीत पान पान उतरवून घेताना त्याला जे कळलं नव्हतं, ते इथे कळलं : लिहिलेलं कोणीतरी वाचतं. पुस्तकातला उतारा बाईंना आधीच पाठ असतो. तो वहीत कसाही उतरवला तरी त्यांना कळतो, म्हणून मुलाला तो नीट काढायचं कारण सापडत नाही. यादीचं तसं नाही. आता तो आजीची औषधं कोणत्या वेळी घ्यायची ते लिहितो, फ्रिजवर दुधाचा हिशेब लिहितो आणि खोलीच्या दारावर "आत येण्यापूर्वी विचारावे" असंही लिहून ठेवलं आहे. येण्यापूर्वी मधला ण्या त्याने तीन कागद फाडून साधला. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सोसायटीच्या आवारात चेंडू खेळायला बंदी झाली, तेव्हा मुलांनी लिफ्टमध्ये आपली मागणी लावली. ती याच्या हातची होती. मी ती खालपासून सातव्या मजल्यापर्यंत जाताना वाचली. प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला नीट लटकलेलं. तिच्या शेजारीच सोसायटीची पाणीकपातीची हाताने लिहिलेली सूचना होती. पाणी नेमकं कधी जाणार, हे आमच्यापैकी कोणालाच तीवरून कळलं नव्हतं. बंदी अजून उठलेली नाही, पण चर्चा चालू आहे, आणि ती मागणीच्या मजकुराबद्दल कमी, अक्षराबद्दल जास्त आहे.

गेल्या पालकसभेला दादा-वहिनीला जमणार नव्हतं, म्हणून मी गेले. बाई म्हणाल्या की अक्षर वाचता येतंय, दुसरीला तेवढं पुरे. मोती वगैरे पुढचं पुढे बघू. मग त्यांनी टेबलाच्या खणातून पालकांनी पाठवलेल्या रजेच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. त्यातल्या बऱ्याचशा त्यांना वाचता आल्या नव्हत्या. त्या चिठ्ठ्या त्या ज्या त्या मुलाकडूनच वाचून घेतात. मूल जे वाचेल ते खरं धरावं लागतं, आणि या वर्षी दुसरीच्या वर्गात मामाची लग्नं जरा जास्तच झाली आहेत.

तेव्हा घरोघरच्या पालकांना एवढीच विनंती आहे : उद्यापासून रजेची चिठ्ठी मुलाकडून लिहून घ्या, तुम्ही फक्त खाली सही करा. आणि सहीखाली नाव लिहा. रेघेत.